खटका वाजला म्हणजे कॅमेरा चालतो असे नव्हे

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

फिल्मच्या कॅमेऱ्यांकडे पुन्हा वळलेल्या मंडळींवरचा आपल्या पुरवणीतला लेख वाचला. लेख वाचनीय आहे, पण जुना रेंजफाइंडर, म्हणजे वेगळ्या खिडकीत दोन प्रतिमा जुळवून फोकस करायचा कॅमेरा, घेऊ पाहणाऱ्यांना त्यात दिलेला सल्ला अपुरा आहे आणि थोडा धोक्याचाही. ‘नावाजलेला कॅमेरा घ्या, काच स्वच्छ आहे ना बघा, खटका दाबून आवाज ऐका.’ एसएलआरला एवढे एक वेळ पुरेल. तिथे डोळ्याला दिसते ते भिंगातूनच आलेले असते, त्यामुळे भिंग धुरकट असेल किंवा फोकस ढळला असेल तर काहीतरी खटकतेच. रेंजफाइंडरमध्ये पाहायची खिडकी वेगळी आणि चित्र घेणारे भिंग वेगळे. भिंगावर झाकण तसेच राहिले तरी खिडकीतून सारे लख्ख दिसते, आणि ३६ फोटोंचा रोल धुवून कोरा आला की मग डोक्यावर हात मारायचा. बाकीच्या दोषांचेही तसेच आहे. म्हणून हा कॅमेरा दोन बाजूंनी तपासावा लागतो, एकदा डोळ्याच्या आणि एकदा फिल्मच्या.

आधी डोळ्याची बाजू. कॅमेऱ्याच्या कपाळावर दोन झरोके असतात. मोठ्यातून आपण बघतो. लहान झरोक्यातून आलेला प्रकाश आतल्या आरशावरून किंवा लोलकावरून वळून मोठ्या खिडकीतल्या अर्धपारदर्शक आरशावर पडतो आणि मधोमध उजळ चौकोन दिसतो, त्याला पॅच म्हणतात. भिंगाची कडी फिरवली की आत एक दांडी सरकते, दांडीबरोबर आतले भिंग किंवा आरसा हलतो आणि पॅचमधली दुसरी प्रतिमा बाजूला सरकते. दोन्ही प्रतिमा एकावर एक बसल्या की फोकस झाला. सारा खेळ त्या दांडीवर आणि एक-दोन बारीक स्क्रूंवर. कॅमेरा एकदा जोरात पडला की हिशोब बिघडतो, आणि बाहेरून पोचा दिसेलच असे नाही.

पहिली तपासणी अनंतावर. भिंगाची कडी अनंताच्या खुणेला टेकेपर्यंत फिरवायची आणि निदान किलोमीटरभर लांबची उभी कड धरायची: मनोरा, इमारतीचा कोपरा, विजेचा खांब. रात्री चंद्र सगळ्यांत सोयीचा. दोन कडा तंतोतंत एक व्हायला हव्यात. समोरच्या गल्लीतले झाड चालणार नाही, ते अनंत नव्हे. दुसरी तपासणी जवळची. बऱ्याच कॅमेऱ्यांच्या माथ्यावर आडवी रेघ गेलेले छोटे वर्तुळ कोरलेले असते, ती फिल्मच्या पातळीची खूण. तिथून टेपने बरोबर १ मीटर मोजून पुस्तकाची उभी कड ठेवायची, प्रतिमा जुळवायची आणि भिंगावरचा आकडा वाचायचा. अनंतही चुकले आणि १ मीटरही तेवढेच, त्याच दिशेने चुकले, तर बहुधा किरकोळ जुळवणीचे काम आहे. अनंत बरोबर पण जवळ चूक, हे जास्त त्रासाचे. दांडी वाकलेली असते, भिंगाची चकती चुकीची बसवलेली असते, किंवा कुणीतरी अर्धवट माहितीवर स्क्रू पिळून अनंत तेवढे जुळवलेले असते. विक्रेता अनंताचा फोटो पाठवतो. जवळचा मागून घ्यावा.

दुसरी प्रतिमा किंचित वर किंवा खाली बसत असेल तर घाबरू नये. त्याने फोकस चुकत नाही, डोळा तेवढा शिणतो. जुळवणी बहुतेक कॅमेऱ्यांत सोपी असते. किमतीत घासाघीस करायला मात्र मुद्दा बरा.

पॅच फिका असणे हे निराळे दुखणे. कधी नुसती आतल्या काचांवर पन्नास वर्षांची धूळ आणि ग्रीसची वाफ बसलेली असते, माथा उघडून पुसले की काम होते. कधी अर्धपारदर्शक आरशाचा मुलामाच उडालेला असतो, तेव्हा आरसा बदलल्याशिवाय इलाज नाही. हा मुलामा इतका नाजूक असतो की कापूस लावून पुसायला जाल तर धुळीबरोबर तोही निघून येईल. घरी माथा उघडणाऱ्यांनी बाकी काहीही पुसावे, या आरशाला हात लावू नये. तात्पुरता उपाय हवाच असेल तर मोठ्या झरोक्यावर बाहेरून, अगदी मधोमध काळ्या चिकटपट्टीचा मसुरीएवढा ठिपका लावावा. मूळ प्रतिमा मधे काळवंडते आणि पॅच उठून दिसतो. विकत घेताना असा ठिपका आधीच लावलेला दिसला तर काय ते समजावे. पॅच पारखायचा तो दिव्याकडे किंवा उजळ खिडकीकडे बघून नाही, तर संध्याकाळच्या खोलीत, पुस्तकांच्या कपाटावर. तिथे कडा सापडल्या तर कुठेही सापडतील.

लायकाच्या एम३ मध्ये याच जागी एक ठरलेले दुखणे आहे. त्याच्या रेंजफाइंडरमधले लोलक बाल्सम नावाच्या चिकाने जोडलेले असतात. जुना चीक वाळतो आणि धक्का बसला की सांधा सुटतो. मग पॅच किंवा खिडकीचा भाग एकाएकी काळा पडतो. दुरुस्ती होते, पण स्वस्तात नाही. म्हणून कुरिअरने येणाऱ्या एम३ चे पॅकिंग विक्रेत्याच्या भरवशावर सोडू नये. उलट, १९८४ च्या एम६ मध्ये तिरका उजेड आला की पॅच पांढरा होऊन नाहीसा होतो. तो बिघाड नव्हे, मूळ रचनाच तशी आहे, डोळा थोडा सरकवला की पॅच परत येतो. एम६ मध्ये बघायचे ते वरचे झाकण. ते जस्ताच्या मिश्रधातूचे आहे, त्यामुळे काही नगांवर मुलाम्याखाली फुगवटे येतात. एम३, एम२, एम४ यांचे माथे पितळी. आणि सुरुवातीच्या एम३ मध्ये एका फोटोला फिल्म पुढे नेणारा लिव्हर दोनदा ओढावा लागतो. लिव्हर अर्ध्यावर अडकला म्हणून चांगला नग परत करू नये.

रेंजफाइंडर किती नेमका आहे हे पॅचच्या उजेडावर नव्हे, तर दोन झरोक्यांमधल्या अंतरावर ठरते. ते अंतर गुणिले खिडकीतले वर्धन, हा खरा आकडा. एम३ चा पाया, म्हणजे झरोक्यांमधले अंतर, सुमारे ६८.५ मिमी आणि वर्धन ०.९१, म्हणजे ६२ मिमीच्या आसपास. ०.७२ वर्धनाच्या एम६ चा सुमारे ५० मिमी. कोसिनाने बनवलेल्या बेसा आर२ए चा पाया ३७ मिमी आणि वर्धन ०.७, म्हणजे जेमतेम २६. याचा अर्थ बेसा वाईट असा नाही. ३५ मिमीच्या भिंगाला तो हसत पुरतो. पण त्यावर ९० मिमीचे भिंग लावून उजेडाचे छिद्र म्हणजे अ‍ॅपर्चर पूर्ण उघडे ठेवून चेहरे टिपायचे असतील तर डोळ्यांऐवजी कान फोकसमध्ये येण्याची तयारी ठेवावी. आधी भिंग ठरवा, मग बॉडी.

आता फिल्मची बाजू, जी दुकानात कुणी तपासत नाही. मागचे दार उघडले की चौकटीच्या वर आणि खाली दोन-दोन रूळ दिसतात. फिल्म आतल्या जोडीवर टेकते, बाहेरच्या जोडीवर दाबपट्टी. आतल्या रुळांवर दुधी काचेचा छोटा तुकडा खरखरीत बाजू भिंगाकडे करून ठेवायचा. शटर बी वर (बटण दाबून धरले तेवढा वेळ ते उघडे राहते), अ‍ॅपर्चर पूर्ण उघडे, केबल रिलीज म्हणजे बटण दाबणारी तार लावून शटर धरून ठेवायचे आणि काचेवरची उलटी प्रतिमा लूपने म्हणजे बारीक बघायच्या भिंगाने बघायची. पॅचमध्ये जुळवलेली कड काचेवरही धारदार दिसते का? दिसत असेल तर भिंग, दांडी आणि फिल्मची पातळी या तिघांचे एकमत आहे. दुधी काचेऐवजी पारभासक चिकटपट्टी ताणून लावतात. चालते, पण ती मधे किंचित जरी झोळ धरून बसली तरी निकाल खोटा. पाच मिनिटांचे हे काम कॅमेऱ्याविषयी जेवढे सांगते तेवढे विक्रेत्याचे दहा फोटो सांगत नाहीत.

शटरकडे येऊ. साठ-सत्तरच्या दशकांतल्या अचल भिंगाच्या जपानी कॅमेऱ्यांत पात्यांचे शटर भिंगातच असते. याचा नेहमीचा रोग म्हणजे तेलकट पाती. फोकसच्या आट्यांमधले ग्रीस पातळ होऊन पाझरते, पात्यांवर पसरते आणि पाती एकमेकांना चिकटतात. यातली गोम अशी की चिकटलेले शटर आठ-दहा वेळा चालवले की तात्पुरते सुटते. तुम्ही पोहोचण्याआधी विक्रेत्याने ते चालवून ठेवले असेल तर सारे ठणठणीत दिसते. रात्रभर पडून राहिलेल्या कॅमेऱ्याचा सकाळचा पहिला खटका हा खरा खटका. समोर जाऊन घेत असाल तर ‘आज चालवू नका’ असे आधीच सांगावे. दूरचा असेल तर पहिल्या खटक्यापासूनचा सलग व्हिडिओ मागावा. मागचे दार उघडून उजळ खिडकीकडे धरावे, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडे ठेवावे आणि प्रत्येक वेगावर पाती उघडताना बघावीत. सर्वांत कमी वेगापासून वर जावे. अर्धवट उघडून थांबणारे किंवा बंद व्हायला आळस करणारे शटर साफसफाई मागते. ऑलिंपसच्या ३५ आरडी मध्ये हा रोग इतका सर्रास आहे की साफ केल्याचे सांगितले नसेल तर तो नग चिकटलेलाच धरून चालावे.

सेल्फ टायमर मात्र चुकूनही ताणून बघू नये. वर्षानुवर्षे न वापरलेली ती गिअरची साखळी मधेच अडकली की चालता कॅमेरा तुमच्याच हातात बंद पडतो.

इथे दोन कॅमेऱ्यांची उदाहरणे जवळून बघण्यासारखी आहेत, कारण दोन्हींत खटका फसवतो, एकात एका बाजूने, दुसऱ्यात दुसऱ्या. कॅनोनेट क्यूएल १७ जी-थ्री, १९७२ चा, ४० मिमी एफ १.७ चे भिंग. याची अ‍ॅपर्चरची कडी ‘ए’ वर, म्हणजे आपोआप निवडीवर, असेल आणि उजेड कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरच्या आवाक्याबाहेर असेल तर बटण दाबलेच जात नाही. भिंगावर झाकण आहे, आत सेल नाही, कडी ‘ए’ वर आहे आणि शटर ‘जाम’ आहे म्हणून विकायला काढलेला कॅनोनेट प्रत्यक्षात निरोगी असू शकतो. कडी ‘ए’ वरून काढून आकड्यावर आणा आणि पुन्हा दाबा. याचे शटर यांत्रिक आहे, १/४ ते १/५०० सेकंद सगळे वेग सेलशिवाय चालतात. फक्त हाताने अ‍ॅपर्चर लावले की मीटर बंद होतो, हेही दोष म्हणून कुणाला वाटायला नको.

याशिका इलेक्ट्रो ३५ बरोबर उलटा. १९६६ पासूनचे हे घराणे, त्यातला जीएसएन सर्वांत जास्त दिसतो. सेलशिवायही याचा खटका छान वाजतो, पण तेव्हा शटर फक्त १/५०० वर उघडते. म्हणजे नुसत्या आवाजावर इलेक्ट्रो घेणाऱ्याने काहीच तपासलेले नसते. सेल घालूनच बघावा. मूळ ५.६ व्होल्टचा पारायुक्त सेल आता मिळत नाही. ६ व्होल्टचा लहान सेल अडॅप्टरमध्ये बसवला तर निकालात फारसा फरक पडत नाही. मागचे बॅटरीचे बटण दाबले की फ्रेम मोजणाऱ्या खिडकीत दिवा लागायला हवा. मग कपाळावरचा मीटरचा झरोका बोटाने झाकून बटण अर्धे दाबा, पिवळा दिवा लागेल. पूर्ण दाबा, शटर उघडे राहायला हवे आणि बोट काढून उजेड दिला की मिटायला हवे. झरोका झाका किंवा उघडा, आवाज तोच ‘टिक्’ येत असेल तर वायरिंग किंवा आतले इलेक्ट्रॉनिक गेले आहे. आणखी एक: लिव्हर ओढताना आतून ‘टक्’ असा ठसठशीत आवाज यायला हवा. आत रबराची एक चिमुकली गादी आहे. ती कुजून भुगा झाली की हा आवाज जातो आणि शटरचे वेळापत्रक बिघडते. गादी बदलता येते. तिच्यासाठी कॅमेरा बराच उघडावा लागतो, तो खर्च किमतीतून वजा करूनच बोलणी करावीत.

भिंग बदलता येणाऱ्या कॅमेऱ्यांत शटर फिल्मपुढे असते आणि बहुतेकांचे पडदे रबर लावलेल्या कापडाचे. एसएलआरमध्ये पडद्यापुढे आरसा असतो. इथे भिंग आणि पडदा यांच्यामध्ये काहीच नाही. अनंतावर लावलेले उघडे भिंग सूर्याकडे तोंड करून राहिले तर लहान मुले भिंगाने कागद जाळतात तसे पडद्याला भोक पडते. तपासायला अंधारी खोली आणि छोटा टॉर्च पुरे. भिंग काढून पुढून टॉर्च धरायचा आणि मागून बघायचे. पडदे दोन आहेत हे विसरू नये. लिव्हर ओढल्यावर चौकटीसमोर पहिला पडदा असतो, खटका वाजल्यावर दुसरा. तपासणी दोन्ही अवस्थांत करावी. एखादे टाचणीएवढे भोक काळ्या लवचिक रंगाने बुजवता येते. तारांगण दिसत असेल तर पडदे बदलायचा खर्च धरावा. १९५९ च्या कॅनन पी चे पडदे धातूचे आहेत. ते जळत नाहीत, पण कुणाचे बोट लागून चुरगळलेले असतात. दिसायला वाईट, बहुधा निरुपद्रवी.

कापडी पडद्यांचा दुसरा दोष उच्च वेगांवर निघतो. १/१००० ला पडदे पूर्ण उघडत नाहीत, दोघांमधली चिंचोळी फट चौकटीवरून धावते. पहिला पडदा मरगळला की फट वाटेतच मिटते आणि फोटोची एक बाजू काळी येते. दार उघडून उजळ भिंतीकडे धरा आणि १/१००० वर बघा. चौकट कडेपासून कडेपर्यंत सारखी उजळायला हवी. लायका एमचे मागचे दार पूर्ण उघडत नाही, पण तळ काढून मधली पट्टी वर उचलली की पडदे दिसतात. कमी वेग मोबाइलच्या स्लो मोशनने मोजता येतात. सेकंदाला २४० चौकटींच्या व्हिडिओत १ सेकंदाचे शटर २४० चौकटी उघडे दिसले पाहिजे, १/१५ चे १६. जुन्या यंत्राचा १/१००० हा १/७०० भरला तर नाक मुरडू नये. निगेटिव्ह फिल्म अर्ध्या स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) जास्तीचा उजेड सहज पचवते. मात्र शेजारशेजारचे दोन वेग सारखेच भरत असतील किंवा १ सेकंदाची घरघर मधेच अडखळत असेल तर सर्व्हिसिंग अटळ.

सोव्हिएत कॅमेऱ्यांची गंमत वेगळी. फेड आणि झोर्की हे लायकाच्या वळणाचे, कीव्ह हा दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या जर्मन काँटॅक्सचा वारस. फेड, झोर्कीचा नियम एकच: आधी लिव्हर किंवा गुंडी फिरवायची, मग वेग लावायचा. तबकडीवरची खूण पडदा ताणल्यावरच खऱ्या जागी येते. कमी वेगांच्या झोर्कीमध्ये उलट क्रम केला तर आतली यंत्रणा मोडू शकते. म्हणून कॅमेरा हातात आल्याबरोबर चाळा म्हणून तबकडी फिरवणाऱ्यांपासून तो दूर ठेवावा. फेड-२ आणि झोर्की-४ मध्ये रिवाइंडच्या गुंडीखाली एक छोटी दांडी असते. खिडकी धूसर दिसली तर आधी ती सरकवून बघा, ती आपल्या नजरेचा नंबर जुळवण्यासाठी आहे. या कॅमेऱ्यांची घडण नगागणिक बदलते, म्हणून त्यांच्याविषयी मॉडेलवार मत देण्यात अर्थ नाही, समोरचा नग काय म्हणतो तेवढेच खरे.

याच फेड-झोर्कीवर सोनेरी मुलामा, गरुड, ‘लायका’ अशी अक्षरे कोरून खोटे लायका बनवले जातात. अक्षरे बघत बसू नका. भिंग काढा आणि आत वरच्या बाजूला दांडीचे टोक बघा. लायकात तिथे गोल फिरती चकती असते, फेड-झोर्कीत पाचरीसारखे निमुळते टोक. कोरणारा इतक्या आत हात घालत नाही. सोव्हिएत भिंग लायकावर लावणाऱ्यांनीही सावध राहावे. ५० मिमी म्हणवणाऱ्या भिंगाची खरी नाभीय लांबी लायकाच्या मापात ५१.६ मिमी, काँटॅक्सच्या मापात ५२.४. सोव्हिएत ज्युपिटर भिंगे काँटॅक्सच्या मापातली, त्यामुळे लायकावर लांबवर जुळणारा फोकस जवळ आणि उघड्या अ‍ॅपर्चरला घसरतो.

मीटरबद्दल थोडक्यात. सत्तरच्या दशकातले बरेच मीटर १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलवर बेतलेले आहेत. त्यांत १.५ व्होल्टचा अल्कलाइन सेल घातला की काटा जास्त उजेड दाखवतो, फोटो काळपट येतात, आणि सेल उतरत जाईल तशी चूकही बदलत राहते. श्रवणयंत्राचा ६७५ नंबरचा झिंक-एअर सेल रबरी कड्यात बसवला तर व्होल्टेज जवळचे मिळते, पण त्याचे सील काढले की तो काही आठवडेच टिकतो. मीटर तपासताना एकाच उजेडात बघून भागत नाही. करड्या भिंतीवर ऊन, सावली आणि खोली, तिन्ही ठिकाणी मोबाइलच्या मीटरशी ताडून बघा. सगळीकडे सारखाच फरक असेल तर एएसए म्हणजे फिल्मच्या वेगाचा आकडा बदलून भागते. दर ठिकाणी वेगळा असेल तर मीटर नाही असे समजून किंमत ठरवा. सेलच्या खणात हिरवट पांढरा थर असेल तर तो व्हिनेगरने निघतो, पण वायरच्या आत चढलेला गंज निघत नाही.

भिंग बघताना अ‍ॅपर्चर पूर्ण उघडावे, शटर बी वर धरावे आणि मागून तिरका टॉर्च मारावा. धुळीचे चार कण कुठल्याही जुन्या भिंगात असतात, सोडून द्यावेत. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे म्हणजे बुरशी. सारखा पसरलेला दुधी पडदा म्हणजे वाफेचा थर, आणि हा फसवा, कारण साध्या उजेडात भिंग स्वच्छच दिसते आणि फोटो मात्र मळकट येतात. कॅननच्या जुन्या स्क्रू माउंटच्या ५० मिमी एफ १.८ मध्ये अ‍ॅपर्चरमागच्या काचेवर हा थर हमखास येतो आणि बराच काळ राहिला तर काच खाऊन टाकतो, मग पुसूनही डाग राहतो. पुढच्या काचेवरचा एखादा ओरखडा क्षम्य, मागच्या काचेवरचा नाही.

वाइंडिंग तपासायला वाया गेलेला रोल जवळ असावा. एका फोटोला फिल्म ३८ मिमी म्हणजे ८ भोके पुढे जाते. दार उघडे ठेवून पेनाने खूण करा आणि दहा-बारा वेळा मोजा. कधी ८, कधी ७ असे होत असेल तर फ्रेम एकमेकींवर चढणार. दाराभोवतीचा काळा फोम चिकट डांबर झालेला असेल तर त्याची चिंता नको, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि लाकडी काडीने काढून नवा लावता येतो. त्याचे कण शटरमध्ये पडू देऊ नयेत, एवढेच.

कोणता घ्यावा? पहिलाच असेल तर कॅनोनेट किंवा ऑलिंपस ३५ आरसी. आरसी चारशे ग्रॅमच्या आसपास, १/१५ ते १/५०० यांत्रिक वेग, आणि रस्त्यावर फिरायला याहून सोयीचे थोडेच. भिंगे बदलायची असतील तर सर्व्हिसिंगची नोंद असलेला, रंग उडालेला लायका एम२ हा काचेच्या कपाटात चमकत बसलेल्या एम३ पेक्षा चांगला. कपाटातले ग्रीस वाळते, वापरातले हलते राहते. मिनोल्टा सीएलई सुरेख आहे, पण सेल किंवा सर्किट गेले की ते नुसते पेपरवेट. लायका एम७ मध्ये निदान १/६० आणि १/१२५ हे दोन वेग सेलशिवाय चालतात. ‘फिल्म टेस्टेड’ म्हणणाऱ्याकडे ती फिल्म मागावी. ‘नुकतीच सर्व्हिसिंग’ म्हणणाऱ्याकडे कुणी, कधी आणि काय केले याची पावती. ‘आजोबांचा, मला यातले काही कळत नाही’ यावर सवलत मागावी.

आणि परत करायची मुदत ठरवून घ्यावी, निदान एक रोल धुवून येईपर्यंतची. तो रोल सहलीला वापरू नये. एकाच भिंतीचे, एकाच एक्स्पोजरचे फोटो प्रत्येक वेगावर एक. तिरप्या ठेवलेल्या मोजपट्टीवर १ मीटरवरून, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडे ठेवून तीन. लांबच्या मनोऱ्याचे दोन. मधे एकदा भिंगावर झाकण लावून कॅमेरा पाच मिनिटे उन्हात ठेवावा. निगेटिव्ह न कापता सलग मागावी. तिच्यावर प्रकाशाचा पट्टा दिसला तर तो भोकांपर्यंत पसरला आहे की फ्रेमच्या आतच थांबला आहे ते बघा. भोकांपर्यंत गेला असेल तर उजेड दारातून शिरला, म्हणजे फोमचे काम. फ्रेमच्या कडेला कापल्यासारखा थांबला असेल तर तो पडद्यातून किंवा भिंगाच्या बाजूने आला. आणि फिल्मवर चित्र उलटे पडते, तेव्हा फोटोच्या वरच्या कडेला दिसणारी गळती कॅमेऱ्याच्या तळाशी शोधावी.

आपला,
एक वाचक